खाटेखालचं गुहागर

पेणला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही, मासळी शिजवणार का तेही विचारलं नाही. मातीनं माखलेले हात पंच्याला पुसत त्यांनी एकच प्रश्न केला, "मतदान कुठं हाय तुमचं?"

"सांगलीला," मी म्हटलं.

"नाव इकडं आणणार काय?"

"तसा काही विचार नाही."

"मग ऱ्हावा!" ते खूश होऊन म्हणाले. "एक नवीन मत आलं का माझा सगळा हिशोब परत मांडाय लागतो."

मी रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये नव्यानं लागले होते. रोह्यात मनासारखी जागा मिळेना आणि कंपनीची बस पेणहून सुटायची, म्हणून इकडे आले. खोली होती कारखान्याच्या वर. पेणला कारखाना म्हणजे गणपतीचा. खाली शाडूची माती, साचे, रंग आणि काम करणाऱ्या बायका. वर अर्धा भाग माळा आणि अर्धा भाग मी.

घरमालकांना मी काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकी. त्यांची नावं इथं सांगत नाही, कारण सगळा घोळ नावाचाच होता. राजकीय पक्षांची नावंही सांगणार नाही. पेणला माझं अजून येणं-जाणं आहे.

काकांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, त्यांच्या कारखान्यातल्या मूर्तीला कधी तडा जात नाही. दुसरी, आपला लोकसभा मतदारसंघ त्यांच्याइतका कुणाला कळत नाही. पहिली गोष्ट सगळं पेण मान्य करायचं. दारावर पाटीच होती, काकांनी स्वतः रंगवलेली: 'तडा न जाणाऱ्या शाडूच्या मूर्ती', आणि खाली मोठ्या तांबड्या अक्षरांत त्यांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. अक्षर झकास होतं. तरुणपणी ते निवडणुकीच्या भिंती रंगवायचे, सगळ्याच पक्षांच्या. "सकाळी यांची भिंत, दुपारी त्यांची. चुना एकाच बादलीतला," असं ते सांगायचे. त्या भिंतींनीच त्यांना हे वेड लावलं.

दुसरी गोष्ट कुणीच मान्य करायचं नाही, कारण काकांचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आला नव्हता.

एकदाही म्हणजे एकदाही. सरळ लढत असली, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी कधीतरी बरोबर यायला हवं, तिथंही काका चुकायचे. त्यांची ख्याती इतकी पसरली होती की प्रचाराच्या दिवसांत कार्यकर्ते मिठाई घेऊन यायचे आणि गयावया करायचे, "काका, यंदा आमचा माणूस पडणार असं सांगा ना." काका मिठाई परत करायचे. "कल म्हंजे भाजी नाय, मागल ती द्यायला," असं म्हणून पाठ फिरवायचे. मिठाई परत गेल्याचं दुःख मला आणि खालच्या बायकांना व्हायचं.

मतदारसंघाबद्दल ते घरच्या वाटणीसारखं बोलायचे. "जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं, तरी लोकसभेला आपण कितीतरी वर्सं कुलाब्याचेच. मुंबईत सांगितलं का लोकांना वाटायचं, ह्यो समुद्राकाठी बंगल्यात ऱ्हातो." मग पुनर्रचना झाली. नाव रायगड झालं, पनवेल-उरण-कर्जत गेलं मावळात, आणि खाडीपलीकडचं दापोली आणि गुहागर आलं इकडे. काकांची धाकटी बहीण पनवेलला दिलेली. "बिचारी घरातनं हलली नाय, चूल हलली नाय, आणि एका सकाळी घाटावर गेली!" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कापायचा. राखीपौर्णिमेला बहीण आली की ते विचारायचे, "काय गो, मावळात पाऊसपाणी कसं?" ती बिचारी पनवेलच्या पावसाचं सांगायची. उलट गुहागरचं कुणीही आलं, अगदी गाडी पंक्चर झाली म्हणून थांबलेलं, की काका त्याला आत बोलावून चहा पाजायचे. "आपलाच हाय. एकाच पंगतीला बसतो आपण."

त्यांची अंदाजाची पद्धत मात्र अशी होती की दिल्लीच्या कुठल्याही पंडिताला सुचली नसती.

लोकसभेची निवडणूक येते उन्हाळ्यात. तेव्हा कारखान्यात कच्च्या मूर्ती सुकत असतात आणि जुनी गिऱ्हाइकं आपापला गणपती सांगायला येत असतात. काका कुणालाही मताबद्दल विचारायचे नाहीत. ते एवढंच विचारायचे, "मूर्ती कशी पायजे?" गिऱ्हाईक म्हणालं, "गेल्या वर्षीसारखीच," तर त्या घराला आहे तोच खासदार हवा. गिऱ्हाईक म्हणालं, "यंदा जरा वेगळी करा," तर त्या घराला बदल हवा. झालं. मूर्तीवर नावाची चिठ्ठी लागायची आणि ती फळीवर जायची. 'गेल्या वर्षीसारखी'चं तोंड दाराकडे, 'वेगळी'चं तोंड भिंतीकडे.

फळ्या तालुक्यांप्रमाणे लावलेल्या. दाराशी पेण: वडखळकडचे आगरी, मिठागरांवरचे, गागोद्याकडचे शेतकरी. खिडकीखाली रोहा. विधानसभेला रोह्याचे तुकडे तुकडे केलेत याचा काकांना राग होता, म्हणून त्यांनी खांब गावापासून अष्टमी गावापर्यंत सगळा तालुका एकाच लांब फळीवर एकत्र नांदवला होता. त्यापुढे कोपऱ्यात अलिबाग, मग श्रीवर्धन, महाड. आणि दापोली-गुहागर खाडीपलीकडे, म्हणून शिडी चढून माळ्यावर. माळा भरला की उरलेल्या मूर्ती माझ्या खोलीत सरकायच्या. अशा रीतीनं दोन महिने माझ्या खाटेखाली गुहागर होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी काका दार वाजवून म्हणायचे, "बाई, जरा गुहागर बघून घेतो."

मुंबईला नोकरीला असलेली कुणबी मंडळी फोनवर फोटो पाठवायची. गणपती घोड्यावर, गणपती गरुडावर, एकदा तर चष्मा लावलेला. काका फोटो बघून गंभीर व्हायचे. "मुंबईकर लई खवळलाय. लाट हाय." आणि एका दमात पाच-सहा मूर्ती भिंतीकडे वळवायचे.

या पद्धतीतलं भोक पहिल्यांदा दाखवलं ते चाचांनी. चाचा म्हणजे काकांचे शाळेपासूनचे दोस्त, रोह्याकडचे कोकणी मुसलमान. उमेदीची वर्षं आखातात गाडी चालवून परत आले आणि टेम्पो घेतला. काकांच्या मूर्ती रोह्यापर्यंत न हलता पोचवणं हे त्यांचं काम. त्यांच्याइतकं सावकाश गाडी चालवणारा माणूस मी महामार्गावर दुसरा पाहिला नाही.

"माझी फळी कुठाय रे?" ते दर निवडणुकीला विचारायचे. "आमी गणपती नाय सांगत, म्हणून आमाला मत नाय काय?"

काकांनी यावर तोड काढली होती. चाचा चहा पिऊन पेला सरळ ठेवतात की उपडा, यावरून ते श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या सगळ्या मुसलमानांचा कल ठरवायचे.

"अरे येड्या, माझ्या घरात आमी चार भाव," चाचा कपाळावर हात मारायचे. "चौघांची तोंडं चार दिशांना. तू एका पेल्यात आख्खा किनारा बुडवलास!"

"तू जबाबदारीनं चहा पी म्हंजे झालं," काका म्हणायचे.

आदिवासी वाड्यांचा, बौद्धवस्त्यांचा हिशोब ते कशावरून करायचे, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी विषय बदलला.

आणि एक मत त्यांना अजिबात उमगत नव्हतं. काकींचं. दर निवडणुकीला दोघं बरोबर मतदानाला जायची, बरोबर परत यायची, आणि रिक्षात काका विचारायचे, "कुणाला दिलंस गो?" काकी म्हणायच्या, "दिलं एकाला." लग्नाला इतकी वर्षं झाली, उत्तर तेवढंच. "आख्खा रायगड मला कळतो," काका वैतागून मला म्हणायचे, "आणि घरातलं एक मत कळत नाय. मग पाठीवर सतरंजी घेऊन हिमालयात जाऊ काय?"

काकी मूर्तींचे डोळे काढायच्या. आखणी म्हणतात त्याला. बारीक कुंचला घेऊन बसल्या की कारखान्यात पंखासुद्धा बंद करायचा. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. पण हसल्या की खालच्या सगळ्या बायका कामं थांबवून बघायच्या.

मी तिथं असतानाची लोकसभेची निवडणूक आली. एका स्थानिक यूट्यूब चॅनेलवाल्याला काकांचा शोध लागला. तो माईक घेऊन आला, काकांनी धुतलेला सदरा घातला, फळ्या दाखवल्या, मूर्तींची तोंडं समजावली. माईकवाल्यानं हसू दाबत विचारलं, "पण काका, आजवर तुमचा अंदाज चुकतच आलाय म्हणतात. यंदा चुकला तर?"

काका तापले. समोर कॅमेरा, मागं हसणाऱ्या बायका, शेजारी मान हलवणारे चाचा. त्यांनी हात वर करून दाराकडे बोट दाखवलं. "ही पाटी बघितली? चुकलो तर माझं नाव पुसून बायकोचं लावीन! आणि परत जन्मात अंदाज सांगणार नाय!"

हे म्हणजे मिशी पणाला लावण्यासारखं होतं. ती पाटी काका रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायचे. देवपूजा एखादे दिवशी राहायची, पाटी नाही.

आतून काकींचा आवाज आला, "रंग कुठला लावणार?"

व्हिडिओ पेण-रोह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला. बसमधले लोक मला विचारायला लागले, "काय मॅडम, पाटी कधी बदलताय?" काका वरवर हसायचे, पण त्यांची झोप उडाली होती. दिवसातून चारदा फळ्या मोजायचे. जेवताना घास हातात ठेवून म्हणायचे, "महाडात कायतरी हललंय."

त्याच आठवड्यात मी पहिली पाळी करून दुपारी घरी आले. काका जेवून एस.टी. स्टँडवर चहाला गेले होते. तिथं बाहेरगावची माणसं भेटतात म्हणून दुपारचा चहा ते तिथंच प्यायचे. खाली काकी रोह्याच्या फळीपाशी उभ्या होत्या. एका मूर्तीला दोन्ही हातांनी धरून, लहान मुलाला कुशीवर वळवावं तसं वळवत होत्या. दाराकडचं तोंड भिंतीकडे गेलं. मग त्या थबकल्या, आणि मूर्ती परत होती तशी केली.

"काकी, हे काय?" मी जवळजवळ ओरडलेच. "हा तर काकांचा हिशोब!"

"हिशोब त्यांचा, बाय. गणपती माझे." त्या शांतपणे म्हणाल्या. "माती चारी बाजूंनी सुकाय लागते. एकाच अंगाला वारा लागला का तडा जातो. म्हणून फिरवायच्या."

"दर वर्षी फिरवता?"

"दर दुपारी."

म्हणजे काका ज्याला महाडातली हालचाल म्हणत होते, ती काकींच्या हातची होती. इतक्या निवडणुका, इतके अंदाज, इतकी परत गेलेली मिठाई! "आणि त्यांना सांगितलं नाही कधी?"

"त्यांनी विचारलं कधी? मूर्त्या तडकत नाय, ते म्हणतात माझ्या मातीचा गुण. म्हटलं, असूंदे." पदराला हात पुसत त्या पाटीकडे बघत राहिल्या. "पण यंदा नाय फिरवायच्या. निकाल कळंपर्यंत हात नाय लावायचा. फिरवल्यात त्या परत वळवते, कुणाचं तोंड कुठं व्हतं ते मला पाठ हाय. त्यांनी ठेवल्या तशा ऱ्हाऊदेत."

"आणि तडे गेले तर?"

"तडा भरता येतो, बाय. ते नाव उतरलं तर हा माणूस कोपऱ्यात बसंल तो उठणार नाय. माझं नाव लागून काय मूर्त्या जास्त खपणार हायत?"

खालच्या बायकांना त्यांनी बजावलं, "फळीला कुनी हात लावू नका गो." माझ्या खाटेखालच्या गुहागरलासुद्धा मी झाडू लावायचा बंद केला.

प्रचार थांबला त्या संध्याकाळी काकांनी फळ्या मोजल्या, चाचांना जबाबदारीनं चहा पाजला, आणि अंदाज सांगितला. सगळं पेण बरोबर त्याच्या उलट बोलत होतं. मतदान झालं. काका-काकी बरोबर गेली, बरोबर आली, रिक्षात नेहमीचा प्रश्न झाला, नेहमीचं उत्तर मिळालं. मग निकालापर्यंतचे ते लांबच लांब दिवस. काका बारीक झाले. एकदा मी त्यांना पाटीसमोर नुसतंच उभं पाहिलं, हातात फडकंही नव्हतं.

निकालाच्या दिवशी मी रजा घेतली. कारखान्यात टीव्ही लावलेला. दुपारपर्यंत काकांनी घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही. आणि मग पडद्यावर नाव आलं, आणि ते काकांनी सांगितलेलं होतं.

काका उठले नाहीत. त्यांनी चाचांचा हात घट्ट धरला आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. चाचा म्हणाले, "अरे, उमेदवारसुद्धा एवढा रडला नसंल." बाहेर फटाके वाजत होते, ते आपल्यासाठीच आहेत असं काकांना वाटलं आणि आम्ही कुणी तसं नाही म्हणून सांगितलं नाही. काकी आत जाऊन शिरा करायला लागल्या. मीही डोळे पुसले. या माणसाच्या आनंदात सामील न होणं कठीण होतं.

दोन दिवसांनी माईकवाला परत आला. आता काकांचा थाट काय वर्णावा! "पद्धत शास्त्रीय हाय," ते कॅमेऱ्यात बघून म्हणाले. "माझा अंदाज आणि माझी मूर्ती, दोन्ही पक्क्या. तडा नाय म्हंजे नाय." आणि पुरावा म्हणून त्यांनी रोह्याच्या फळीवरची एक मूर्ती उचलून कॅमेऱ्यासमोर धरली.

"काका," माईकवाला म्हणाला, "मागं भेग आहे."

काकांनी मूर्ती फिरवली. खांद्यापासून कमरेपर्यंत भेग होती. त्यांनी दुसरी उचलली. तिलाही. तिसरीला नुकतीच ओली माती भरलेली. ते फळ्यांमधून फिरत गेले. खिडकीच्या बाजूचा सगळा रोहा तडकला होता. शिडी चढून ते माझ्या खोलीत आले, खाटेखाली वाकले. पत्र्याच्या उष्णतेनं गुहागरची तर दैना झाली होती.

खाली येऊन त्यांनी विचारलं, "हे पहिल्यांदाच कसं?"

शेवटी वडखळकडची एक बाई न राहवून बोलून गेली, "काका, दर वर्साला काकी फिरवतंय त्यांना, सुकंपर्यंत. यंदाच नाय फिरवल्या. तुमचा हिशोब मोडल म्हणून."

काकांनी बोटांवर मागच्या निवडणुका मोजल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे... म्हंजे मी कधीच चुकलो नव्हतो! ऐकलंस रे? ही फिरवत व्हती! सगळ्या निवडणुका माझ्या बरोबर व्हत्या!" ते चाचांना गदागदा हलवायला लागले.

चाचांनी चहाचा पेला खाली ठेवला. "व्हय. निवडणुका तुझ्या. आणि आजपर्यंत न तडकलेल्या मूर्त्या कुणाच्या?"

काकांचे हात चाचांच्या खांद्यांवर तसेच राहिले. माईकवाल्यानं कॅमेरा बंद केला, हे त्याचं शहाणपण. आत काकी खाली मान घालून एका भेगेत माती भरत होत्या. काका तिथं गेले, शेजारी पाटावर बसले, आणि माती मळायला लागले. तो सगळा आठवडा दोघं शेजारी बसून तडे भरत होती. राजकारणाचा एक शब्द कारखान्यात निघाला नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं.

रविवारी सकाळी खरखर आवाज आला म्हणून मी खिडकीतून डोकावले. काका शिडीवर चढून पाटी खरवडत होते. खाली चाचा शिडी धरून.

"काका, अहो, तुम्ही तर जिंकलात!" मी वरून ओरडले.

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "हरून लावलं असतं तर दंड झाला असता."

वरची ओळ त्यांनी तशीच ठेवली: 'तडा न जाणाऱ्या शाडूच्या मूर्ती'. खालचं वडिलांच्या नावासकट सगळं उतरवलं आणि जुन्याच तांबड्या रंगात काकींचं नाव लिहायला घेतलं. इतक्या वर्षांनी भिंतीवरचं ते जुनं वळण हातात परत आलं होतं. गल्लीतली माणसं जमली. कुणीतरी काकींना बाहेर बोलावलं. हात मातीनं भरलेले, तशाच त्या उंबऱ्यात येऊन वर बघत राहिल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत, पण हसल्या. सगळ्या बायका कामं टाकून बघायला आल्या.

शेवटचं अक्षर राहिलं होतं. काकांनी कुंचला रंगात बुडवला आणि न राहवून खाली वाकले.

"आता तरी सांग गो. यंदा मत कुणाला दिलंस?"

काकींनी पाटीवरचं आपलं नाव सावकाश पुरतं वाचलं.

"गेल्या वेळंसारखंच," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.